पाठीला बांधलेला बेल्ट

माझ्या नवऱ्याच्या डाव्या पायाची बोटं हलतात की नाही, हे पाहत मी नेहरू नगरच्या सर्व्हिस रोडवर गुडघे टेकून बसले होते. भर दुपार होती. त्याचं डोकं हेल्मेटसकट माझ्या दोन तळहातांमध्ये धरलेलं होतं. दोन्ही चपला उडून गेल्या होत्या, त्यामुळे पाय उघडे दिसत होते. उजव्या पायाची बोटं हलत होती. डाव्याची हलत नव्हती.

तिथपर्यंत आम्ही कसे पोहोचलो, ते क्रमाने सांगते. तेव्हापासून बरेच जण मला विचारतात की मोटरसायकल चालवताना पाठीला काही बांधावं का, आणि मला नुसतं हो किंवा नाही म्हणता येत नाही.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये प्लॅनिंगला आहे. एखादी मशीन दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असली की कोण माणूस, कोणतं हत्यार, कोणती क्रेन, किती तास, याची यादी माझ्या टेबलावरून निघते. घरीही माझं तसंच चालतं. फ्रिजवर कायम एक कागद असतो. माझा नवरा कन्व्हेयर बेल्टवाला आहे. रबराचे ते लांबच लांब पट्टे फाटले की सांधायचे, झिजले की बदलायचे, हे काम तो पंचवीस वर्षं करतो आहे.

आमच्या दोघांची माणसं भंडाऱ्याकडची. इथे भिलाईत दुसरी पिढी. दर दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तेही रेल्वेने, उभ्याउभ्या, आणि कुणी तक्रार करत नाही. त्या वर्षी मात्र सेक्टर दोनमधल्या पोरापोरींनी मोटरसायकलने जायचं ठरवलं. आमची मुलगी त्यांच्यात. ती कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते आणि स्वतःच्या पगारातून तिने मोटरसायकल घेतली होती. मी नाही म्हटलं नाही. मी यादी केली. हेल्मेट, बूट, हातमोजे, रेनकोट, हवा, ब्रेक, चेन, पंक्चरचं सामान, पाणी, औषधं. शेवटचा, अकरावा मुद्दा पाठीचं गार्ड.

गार्ड म्हणजे काय, ते मुलीने मैत्रिणीचं आणून दाखवलं. जाकिटाच्या आत घालायचं, जाड, भोकाभोकांचं, दाबलं की दबणारं. नवऱ्याने ते हातात घेतलं, अंगठा रुतवला आणि हसायला लागला.

"हे तं उशीच होय. यानं काय वाचते?"

"बाबा, वो दबने के लिएच है. मार तेच खाते, आपल्यापर्यंत येऊ देत नाही."

"मार खायले आपल्याकडे बेल्ट आहे ना. दिवसरात्र दगड पडून राहिले त्याच्यावर, काही होते का त्याले?"

"बाबा, मी कन्व्हेयर आहो का?"

"तू त्याच्याहून जास्त बडबडतं."

प्लांटच्या माणसाला एक खोड असते. बाजारात मिळणारी कोणतीही वस्तू पाहिली की त्याला वाटतं, ही आपण याहून दणकट बनवू. आमच्या ब्लॉकमध्ये कूलरचे स्टँड, झोपाळे, मच्छरदाणीचे पाइप सगळं असंच बनलेलं आहे आणि खरोखर दणकट आहे. त्याने भंगारवाल्याकडून जुन्या बेल्टचा तुकडा आणला. मुलीची पाठ मोजली. तुकडा कासवाच्या पाठीसारखा कापला, मधोमध अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केली, जुन्या दप्तराचे पट्टे शिवले. तीन संध्याकाळी लागल्या. शेजारचे रिटायर्ड काका पाहायला आले. नवऱ्याने गार्ड अंगणातल्या फरशीवर ठेवलं आणि वर हातोडा हाणला. रबरावर खूणसुद्धा उमटली नाही.

"झकास," काका म्हणाले. "गोळी नाही शिरायची याच्यातून."

मी वर घरात गेले आणि फ्रिजवरच्या कागदावर अकरा नंबरसमोर बरोबरची खूण केली.

ती खूण माझी चूक होती. प्लांटमधल्या माझ्या प्रत्येक कागदावर दोन रकाने असतात. पहिला, वस्तू आली का. दुसरा, वापरून तपासली का, आणि त्यात तपासणाऱ्याची सही लागते. पहिला रकाना भरला म्हणून मी आजवर एकही काम सुरू होऊ दिलेलं नाही. घरच्या कागदावर मी दुसरा रकाना आखलाच नव्हता. गार्डवर हातोडा मारून खालची फरशी फुटत नाही, एवढंच त्या दिवशी आम्ही तपासलं होतं. फरशीला मणके नसतात.

मुलीने ते एकदा घालून पाहिलं आणि काढून ठेवलं. "मान वर केली की हेल्मेटले लागते," ती म्हणाली. "खाली वाकलं की कमरेत रुतते. मी नाही घालत."

"सवय नाही म्हणून. दोन दिवसांत बसते अंगावर."

"बाबा, मी मैत्रिणीचंच नेतो ना. ती नाही येऊन राहिली."

"म्हणजे मी तीन दिवस टाइमपास केला?"

आवाज चढला होता. निघायला चार दिवस उरले होते. मला तो वाद संपवायचा होता, आणि घाईत वाद संपवायला निघालं की मी हमखास चुकीचं बोलते. मी म्हटलं, "तुम्हीच घालून एक चक्कर मारून या. मग ठरवू."

त्याने गार्ड शर्टावर बांधलं, मुलीची मोटरसायकल काढली. मी म्हटलं, "बूट घाला." तो म्हणाला, "चौकापर्यंत तं जाऊन राहिलो." रोज सेफ्टी शूज घातल्याशिवाय प्लांटच्या गेटच्या आत पाऊल न टाकणारा माणूस चपलांवर निघाला. मुलगी आणि मी स्कूटीवर मागोमाग.

तो वेगात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. सर्व्हिस रोडला वळताना कुठल्याशा ट्रकमधून सांडलेली रेती होती. पुढचं चाक सरकलं. मोटरसायकल एका बाजूला गेली आणि तो दुसऱ्या बाजूला, पाठीवर, फुटपाथच्या दगडी कडेवर. पडताना डोकं मागे झुकलं आणि हेल्मेटची मागची कड गार्डच्या वरच्या कडेवर आदळली. ठक्क असा आवाज मला स्कूटीवर ऐकू आला.

मी पोहोचले तेव्हा तो उठायचा प्रयत्न करत होता.

"अजी, हालू नका."

"काही नाही झालं. हात दे."

"हात नाही देत. पडून राहा."

"लोक पाहून राहिले ना वं."

"पाहू द्या."

दुपारच्या बी शिफ्टची वेळ होती. त्या बाजूने प्लांटला जाणारे भराभर थांबले. पाच मिनिटांत दहा गाड्या उभ्या. निम्मे त्याला ओळखणारे. एकाने पाण्याची बाटली उघडली, दुसऱ्याने हेल्मेटच्या बकलाला हात घातला, तिसरा म्हणाला, "भाभी, उठा लेते हैं. स्कूटी में बीच में बिठा के ले चलेंगे, दस मिनट में अस्पताल."

ही माणसं मला आजही आठवतात. सगळ्यांनी फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेलं. गेटच्या आत कुणी उंचावरून पडला असता तर यांच्यापैकी एकानेही त्याला हात लावला नसता. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांनी दोरी बांधून जागा अडवली असती. गेटच्या बाहेर मात्र तेच दहा जण त्याला काखेत धरून, दोघांच्या मध्ये स्कूटीवर बसवून, स्पीडब्रेकरवरून दणकवत न्यायला तयार होते. मायेपोटीच. गेटच्या आतली शिस्त आम्ही ड्रेससोबत लॉकरमध्ये ठेवून येतो.

"कोणी हात लावणार नाही," मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हेल्मेट काढायचं नाही. पाणी द्यायचं नाही. तुम्ही अँब्युलन्सला फोन करा. तुम्ही दोघं गाड्या आडव्या लावा, इकडून काही येऊ देऊ नका."

बाटली मागे गेली. गाड्या आडव्या लागल्या. कामं वाटून दिली की माणसं ऐकतात, हे माझ्या नोकरीत मी शिकले आहे.

मुलगी त्याच्या पायांशी बसली होती. "बाबा, बोटं हलवा."

उजवी हलली.

"डावी."

"हलवली ना."

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"हलली का?" त्याने विचारलं.

"थोडं थांबून परत करू," मी म्हटलं. हेल्मेट धरलेले माझे हात जराही हलून चालणार नव्हते. मी कोपरं मांड्यांवर टेकवली.

"हलली नाही, ना?"

"गप पडून राहा."

"पाय आहे का जागेवर, ते तरी सांग."

"आहे. मळका आहे."

तो हसायला गेला आणि कमरेत कळ आल्याने त्याचा श्वास अडकला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस पुन्हा चालणार नाही. त्यानंतर अँब्युलन्स येईपर्यंत मी मनात काय काय हिशेब केले, ते लिहिण्यासारखे नाहीत. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, एवढं सांगते. आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर आहे.

अँब्युलन्समधल्या माणसांनी त्याला फळीवर सरकवलं, मानेला पट्टा लावला. हॉस्पिटलमध्ये गार्ड कात्रीने कापून काढायला गेले तर कात्री चालेना. शेवटी दप्तराचे पट्टे कापले. शर्ट वर केला तेव्हा त्याच्या कमरेवर, जिथे गार्डची खालची कड होती, तिथे एक निळी रेघ होती. पट्टीने आखावी तशी सरळ. वर दोन जागी रिव्हेटांच्या गोल खुणा.

तपासण्या झाल्या. आम्ही दोघी बाकावर. मुलगी एकदाच बोलली. "आई, मी घातलं असतं, तर भांडण नसतं झालं."

"तू घातलं असतं, तर तू पडली असती," मी म्हटलं. याने तिला बरं वाटलं की वाईट, मला माहीत नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. कमरेच्या एका मणक्याला बाजूने जो हाडाचा पंख असतो, त्याला तडा होता. आतला मज्जारज्जू शाबूत. पाय आत्ता बधिर आहे, तो मार आणि सूज यामुळे, ताकद बहुधा परत येईल. 'बहुधा' या शब्दाला धरून आम्ही दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याने चादर बाजूला केली आणि डाव्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. अंगठा किंचित वाकला. मी कप खिडकीत ठेवला आणि त्याला पुन्हा करायला सांगितलं. त्याने चार वेळा करून दाखवलं, घाम येईपर्यंत.

डॉक्टर बोलायला मोकळे सापडले तेव्हा मी विचारलं, "हे बांधलं नसतं तर?"

ते म्हणाले, सांगता येत नाही. दगड सरळ हाडावर बसला असता, हेही खरं. कडक वस्तू मार थांबवत नाही, तो कडेपर्यंत नेते आणि तिथे सोडते, हेही खरं. नीट बनवलेलं, दबणारं गार्ड असतं तर मार पाठभर पसरला असता. पण पाठ पिळवटली किंवा माणूस सरळ बुडावर आदळला तर चांगल्यातलं चांगलं गार्डही फार काही करत नाही, आणि मानेला ते नाहीच. "फिर भी पहनना चाहिए," ते म्हणाले. "सही वाला."

तर माझं उत्तर हे आहे. घाला. बाजारातलं, तपासून पास झालेलं, तुमच्या मापाचं. दुकानात उभ्याने घालून घेऊ नका. गाडीवर बसा, हँडल धरा, मान पूर्ण वर करा, दोन्हीकडे वळवा. कुठेही टोचलं तर ते तुमचं नाही. उकडतं, हे मला माहीत आहे. मेमध्ये भिलाईत काय होतं, ते मला कुणी सांगू नये. लांबच्या प्रवासालाच लागतं, असंही लोक म्हणतात. माझा नवरा घरापासून थोड्याच अंतरावर पडला, सायकलच्या वेगात.

त्या दसऱ्याला आमच्या घरून कुणीच नागपूरला गेलं नाही. तो दीड महिना कमरेला पट्टा लावून होता. नंतर कामावर रुजू व्हायचं फिटनेस सर्टिफिकेट मिळालं, आणि तो ड्युटीला बसने जायला लागला. मोटरसायकल, स्कूटी, कशालाच हात लावेना. मुलीच्या गाडीशेजारून जाताना तो भिंतीकडून जायचा. मला दिवसातून दहा वेळा काहीतरी म्हणावंसं वाटे. मी म्हटलं नाही. आम्ही तिघं रायपूरला जाऊन त्याच्या आणि तिच्या मापाची दोन गार्ड घेऊन आलो होतो. त्याचं तसंच पिशवीत पडून होतं.

एका सोमवारी सकाळच्या ए शिफ्टला निघताना तो पिशवी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"मागचा पट्टा मले दिसत नाही. लावून दे."

मी लावला. त्याने खाली जाऊन, स्कूटीवर बसून मान वर केली, डावीकडे, उजवीकडे. बूट घातलेले होते. जवळच शेजारचे काका दात घासत उभे होते.

"का भाऊ, पाठीवर का बांधून राहिला आज?"

"उशी," तो म्हणाला, आणि किल्ली फिरवली.

मी वर गॅलरीत उभी होते. वळणावर त्याने दोन्ही पाय खाली सोडले, जमिनीला घासत, नुकतं शिकणाऱ्यासारखे, आणि वळण पार केलं.