छत्रीच्या काडीचं घड्याळ

घड्याळ उघडताना दामूअण्णा दुकानाचं दार लावून घ्यायचे. आत गिऱ्हाईक असलं तर त्याला म्हणायचे, "जरा गप ऱ्हावा. शिंक आली तर बाहेर जावा." औंढ्याचा हा माणूस लोणावळ्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा, पण खरा नाद संशोधनाचा. बंगलेवाल्यांकडे थांबकाट्याची भारी घड्याळं असत. खटका दाबला की वेगळा काटा धावायचा, पुन्हा दाबला की जागीच थांबायचा. असं घड्याळ हाती आलं की आतल्या यंत्राचं चित्र वहीत काढल्याशिवाय अण्णा झाकण लावत नसत. विलायती सूचिपत्रं मी त्यांना वाचून दाखवायचो. मी शेजारी राहणारा, शाळेत इंग्रजी शिकवणारा आणि जन्माचा भित्रा.

एकदा बंगल्यातल्या पारशी बाई नवऱ्यामागे राहिलेलं सोन्याचं घड्याळ घेऊन आल्या. मुंबईचा एक शौकीन ते घ्यायला तयार होता, फक्त यंत्र सगळं मूळचं आहे अशी दामूअण्णांची चिठ्ठी त्याला हवी होती. अण्णांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुरुस्ती करणाऱ्यानं झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरायची, ही त्या धंद्यातली रीत. आतली खूण अण्णांचीच होती.

"मास्तर, घात झाला," ते मला म्हणाले. "लढाईत इलायतेचा माल बंद व्हता. ह्यातली एक पट्टी मोडली, ती म्या छत्रीच्या काडीची घडवली. अन् बाईच्या साहेबाला सांगितलं, अस्सल हाय."

"वीस वर्षं चाललंय ना, अण्णा? कुणाला कळणार?"

"मला कळलंय न्हवं."

चार दिवस त्यांचं जेवण तुटलं. दुकान उघडून नुसते बसायचे. मलाही घोर लागला. खरं लिहिलं तर बंगल्यांचं काम जाणार, आणि या वयात लबाड म्हणून नाव होणार. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. ते सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेलो.

"काडीचं नीट लिव्हलं का?"

"लिहिलं."

त्यांनी खाली मराठीत सही केली आणि घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या. मी ते वाक्य लिहिलंच नव्हतं.

घड्याळ पूर्ण किमतीला गेलं. अण्णा चक्रावले. "खरं सांगूनबी त्यानं किंमत पाडली न्हाई. लय मोठ्या मनाचा गडी." मग बाजारात जो भेटेल त्याला ते त्या शौकिनाचं कौतुक सांगू लागले. उद्या हे त्याच्या कानावर गेलं तर? सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि त्यांचा उजळलेला चेहरा पाहिला की जीभ उचलत नसे.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला उशाशी बसवून त्या शौकिनाला आभाराचं पत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं, या वेळी काडीसकट शब्दन् शब्द लिहिला. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "आजच टाका."

ते टपालात टाकायची माझी छाती झाली नाही.