आमियांला लावलेला फोन

यंदा जूनमध्ये उत्तर फ्रान्समधल्या आमियां शहराच्या आसपास तंबूत राहायचं ठरलं, ते बायकोच्या हट्टापायी. तिथे पाण्यात भाजीचे मळे आहेत, होडीतून फिरून बघायचे. आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या, बर्फाळ ब्रॉसार्ड गावात बॅकयार्डात जेमतेम चार महिने मेथी काढणाऱ्या बाईला याहून मोठं तीर्थ नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं आणि मुलगी लॅपटॉपपुढे बसलो. तंबूपासून वॉशरूम किती लांब, हे कॅम्पसाइटच्या पानावर कुठेच नव्हतं. बायकोचे गुडघे दुखतात. विचारणं भाग होतं.

"बाबा, यू कॉल. व्हाय ऑल्वेज मी? यू डिड द होल कोर्स," मुलगी म्हणाली.

"लावा ना," बायको म्हणाली. "दोन हिवाळे फ्रेंचचा क्लास केलात, येऊ दे की कामी."

अकरा वर्षं तोंडाशी येऊन गिळलेलं मग मी सांगून टाकलं. "मी क्लास केलाच नाही. तीन आठवडे गेलो. माझ्या एका वाक्याला वर्गातली पोरं हसली. त्यानंतर मंगळवार-गुरुवार लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो."

खरं पाप पुढेच होतं. क्लास दोघांनाही करायचा होता, पण मुलगी लहान. "आधी मी, मग तू," असं मीच म्हटलं होतं. तिची पाळी आलीच नाही. ती त्या संध्याकाळी पोरीला खिडकीशी बसवून एकटी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायची.



"गाडीत हीटर लावायचात?" बायकोने विचारलं.

"हो."

"म्हणजे गारठले ती मी एकटीच."

तिने माझ्या हातातून फोन घेतला. तिचं फ्रेंच शेजारणींकडून, ग्रोसरीच्या रांगेत उचललेलं. व्याकरण नाही, पण भीतीही नाही. पलीकडची बाई हसली, हीसुद्धा हसली. वॉशरूमजवळची जागा चार रात्रींसाठी मिळाली.

"आता क्लास मी लावते," फोन ठेवून ती म्हणाली. "स्वयंपाक तुम्ही बघायचा. आणि मी खरंच जाणार आहे हं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. गेल्या मंगळवारी क्लासहून आली ती माझी जाड, कडेला कच्ची पोळी खात मला धडा बोलून दाखवत होती. चुकली की स्वतःच हसायची. मी ऐकत होतो. एवढं वाट्याला यावं असं मी काही केलेलं नाही. आलंय खरं.