माझ्या बांबूंना लागलेले दोडके

हसणार नसाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच, तेव्हा आधी कप खाली ठेवा. चहा नाकात जाईल!

दुष्काळाचं साल. शेतीची ताजी पदवी खिशात घालून मी येरमाळ्याजवळच्या एका गावात दाखल झालो होतो. कशाला? मराठवाड्याचा उद्धार करायला! सोसायटीनं मला बांबू लावून दाखवायला अर्धा एकर दिला होता. दोन महिन्यांनी जिल्ह्याचे साहेब बघायला येणार. बांबू जगला तर गावात बांबू-लागवड शिकवायचा वर्ग मंजूर, नाहीतर मी घरी.

पुस्तकात लिहिलं होतं, दोन पेरांचे तुकडे करून लावावेत. सोपं! कळंबच्या बाजारातून गाडीभर बांबू आणले, करवतीनं तुकडे पाडले आणि रांगेत ठोकले. दोरी धरून, हं! घरटी रोज एक घागर पाणी घालायचं, असा हुकूमही सोडला. विहिरीनं तळ दाखवला होता, पण उद्धार म्हटलं की थोडी कळ सोसायला नको?

टोपल्या विणणाऱ्या सरूबाई काठी टेकत बांधावर आल्या. साठी उलटलेली. काठीनंच एक तुकडा टोकरून म्हणाल्या,

"मास्तर, ह्यो तर मांडवाचा बांबू. खडखडीत वाळलाय. ह्याला कुठं कोंब फुटंल?"

"मावशी, हे शास्त्र आहे!"

"असंल बाबा. आन् पाणी रोज घालायचं?"

"रोज!"

"मेलेल्याला?"

"मावशी!"

मग मी वर्गाचे तक्ते रंगवायला कॉलेजात निघून गेलो. रोपांपेक्षा तक्ते महत्त्वाचे, नाही का?

परतलो तो थेट साहेबांच्या जीपमधून. लांबूनच सगळं हिरवंगार!

"अहो, लागला की बांबू!" साहेब ओरडले. मी विनयानं मान खाली घातली.

जवळ गेलो. पानं रुंद, खरखरीत. पिवळी फुलं. प्रत्येक तुकड्याला वेलाचा विळखा आणि खाली दोडके!

"पाणी वाया चाललं व्हतं," सरूबाई म्हणाल्या. "म्हून बायांनी बुडाशी बिया टोचल्या. मास्तर, पुढच्या बारीला बांबू जरा उंच आणा. येल भुईवर लोळतोय."

साहेब पोट धरून हसले. "मावशी, खरा बांबू येतो का लावता?"

"घरामागं बेट हाय की माझं. दुष्काळात आंघोळीच्या पाण्यावर जगवलंय. कंद खांदायचा, पावसाच्या तोंडाला लावायचा. लई सोपं."

वर्ग मंजूर झाला! शिकवायला सरूबाई. हजेरीत पहिलं नाव माझं.

पहिल्याच दिवशी त्यांनी समोर पडलेल्या चार-पाच बांबूंकडं बोट केलं. "मास्तर, ह्यातला जिता कंचा?"

आता काय मी कच्चा राहिलो होतो? वाकलो, पेरं चाचपली, वास घेतला आणि एकावर ठामपणे बोट ठेवलं.

वर्गातल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"मास्तर," सरूबाई हळूच म्हणाल्या, "ती माझी काठी हाय."