पिनवरचा ठिपका

वीज ती वीज, तिला कसली आलीय उलटी-सुलटी, असं मी लग्नापासून म्हणत आले. आमचे हे मात्र ठाम. परंड्यात जन्मभर कारकुनी केलेला माणूस, पण गाणं ऐकायला बसला की थाट संस्थानिकाचा. अ‍ॅम्प्लिफायरची दोन दांड्यांची पिन सॉकेटात कशीही बसते. एका बाजूनं लावली की फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आणि आवाज साफ. उलटी लावली की गाण्याखाली बारीक घरघर, असं त्यांचं म्हणणं. टेस्टर कधी हातात धरला नाही. कानानं बाजू ठरवली आणि खूण म्हणून वरच्या अंगाला कुंकू तेलात कालवून ठिपका दिला. दर खंडेनवमीला पूजेत तो ताजा व्हायचा. पिन कधी उलटी लागलीच नाही, त्यामुळं ती घरघर मी काही ऐकलेली नव्हती.

उन्हाळ्यात सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस वाळत चाललीय, औषध नाही, मशीनचाही फारसा उपयोग नाही. हे घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर येडा हाय. पिनची घरघर कळती मला. बहिऱ्याला कळंल का?" मी मागून हाक मारली की वळत मात्र नव्हते.

मग नवरात्र तोंडावर आलं. दसरा काढायचा म्हणजे आमच्याकडं घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय सुटत नाही. गोधड्या झाल्या, डबे झाले, आणि त्याच तावात मी अ‍ॅम्प्लिफायर पुसला, पिनही घासली. ठिपका गेला. ते चिडतील म्हणून मी तयारीत होते, तर हसले.

"पुसलंस? बरं झालं. आता तुझ्यासमोरच कानानं बाजू काढून दावतो."

त्यांनी गाणं लावलं. पिन एका बाजूनं घातली, आवाज स्वच्छ. उलटी करून घातली, आणि मला ऐकू आली. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर. इतक्या वर्षांनी हे खरे निघाले होते, आणि मला इतका आनंद झाला की टाळीच वाजवणार होते. त्यांनी स्पीकरला कान लावला. पिन काढली, फिरवली, पुन्हा कान लावला. परत फिरवली. तोंड उतरत गेलं. शेवटी घरघर चालू असतानाच ते खाली बसले.

"दोन्हीकडून सारखंच की गं," ते म्हणाले. "तूच खरी. फरक नव्हताच. जन्मभर उगं येड्यावानी ठिपका देत बसलो."

फरक आहे म्हणावं, तर कान गेले हे माझ्याच तोंडून कळणार. नाही म्हणावं, तर एवढी वर्षं त्यांनी जे ऐकलं तेच खोटं ठरणार. मला रडू आलं आणि भयंकर रागही आला, कुणाचा ते कळेना.

"नसतोच फरक," मी म्हणाले.

"काय?"

तेच मी पुन्हा, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून सांगितलं.