ओवेनचा ओला हात

समस्त स्वच्छ हातांच्या मराठी जनांस अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येते, की अमेरिकेतली माझी पहिली गाडी मी थुंकीवर विकत घेतली.

विकणारा आमचा शेजारी ओवेन. २००३च्या सुमारास मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होतो, तेव्हा तो ऐंशीला टेकला होता. तरुणपण आयर्लंडच्या खेड्यात, गुरांच्या बाजारात गेलेलं. तिथली रीत त्याने इथे जशीच्या तशी चालवली. भाव ठरला की तळहातावर पचकन थुंकायचं आणि समोरच्याच्या पंजावर फाडकन मारायचं. समोरच्यानेही थुंकायचं! वर विकणाऱ्याने मिळालेल्या पैशांतली एक नोट 'नशिबाची' म्हणून परत द्यायची, तीही थुंकून. माझ्याबरोबर शिकणाऱ्या नागपूरच्या वैभवने त्याच्याकडून सायकल घेतली आणि ती नोट चिमट्यात धरून घरी आणली. "यार, ही खर्च करू की उकळू?"

"सही कोणीही करतो, पोरा," ओवेन म्हणे. "ओल्या हाताचा शब्द फिरत नाही." हे सांगताना त्याच्या हनुवटीवर एक थेंब लोंबकळत असे. मला नंतर जेवण जात नसे.

त्या डिसेंबरात माझ्या बायकोला, अनघाला, नववा महिना लागला. हॉस्पिटल लांब, बर्फात बसचा भरवसा नाही आणि आमच्या ऐपतीतली गाडी एकच, ओवेनची. त्याने किंमत सांगितली. मी सभ्यपणे म्हणालो, "ओके."

म्हातारा लालबुंद झाला. "ओके? घासाघीस न करता? माझ्या गाडीचा अपमान करतोस? आधी नावं ठेव तिला!"

ठेवली. टायर, रंग, सीटचा कुबट वास. तो खुलत गेला. रागावून निघून गेला, लगेच परत आला. अखेर दोघांच्या भावांत थोडंसंच अंतर उरलं.

"आता तिसऱ्या माणसाने दोघांचे हात ओढून जुळवायचे," तो म्हणाला, "आणि फरक निम्मा निम्मा." मग घसा खाकरून तो सढळपणे थुंकला. तो चकाकता पंजा माझ्यासमोर आला. हात मी कोटाच्या खिशात खोल खुपसला.

"चेक दिला तर?"

"थुंकीशिवाय किल्ली नाही."

अनघा पायरीवरून हे सगळं बघत होती. पोट सावरत ती खाली आली, माझा हात खिशातून उपसला, ओवेनच्या हातापुढे धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे, थुंक ना एकदाचा! बाळ काय बसमध्ये होऊ देऊ?"