वटारच्या मीटरमधला बाण

सॅन्टन पास्कल फरगोज. जन्म वटार येथे, ३ नोव्हेंबर १९५३. मृत्यू नालासोपारा येथे, २१ फेब्रुवारी २०२५. वीज कंपनीच्या मीटर-तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली आणि एकाही नोंदीत खाडाखोड होऊ दिली नाही. मीटरवरचा लाल दिवा कसा लुकलुकतो, एवढ्यावरून घरात काय चालू आहे हे ते बाहेर उभे राहून सांगत. इस्त्री तर त्यांना नाडीसारखी कळे. तापली की ती आपोआप थांबते, निवली की पुन्हा वीज ओढते.

तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी त्यांचे उत्तर ठरलेले होते. अर्नाळ्याच्या मालनबाई एकदा कार्यालयात येऊन भांडल्या होत्या.

"साहेब, तीन महिने घराला टाळं होतं. मग पंखा कोनी चालवला? माझ्या मेलेल्या नवऱ्यानं?"

सगळे हसले. सॅन्टन हसले नाहीत. "मीटर खोटं बोलत नाही, बाई," एवढे म्हणून त्यांनी तक्रार निकाली काढली.

२०२२ साली पत्नी ॲंजेला यांच्या हट्टामुळे छपरावर सौर पॅनेल बसले आणि ओटीच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी मोजणारा नवा मीटर आला. त्याच्या काचेत एक बाण दिसे. छपरावरची वीज बाहेर जात असली की बाण डावीकडे, बाहेरची घरात येत असली की उजवीकडे.

"जन्मभर लोकांनी घेतलेलीच वीज मोजलीत," ॲंजेला म्हणाल्या. "आता दिलेलीही मोजा."

दर शनिवारी दुपारी चारला ॲंजेला चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेसाठी नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करीत. त्या वेळी बाण उजवीकडे वळे, डावीकडे परते, पुन्हा वळे.

११ जानेवारी २०२४ रोजी ॲंजेला वारल्या. सॅन्टननी घरातल्या वापराचा मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला (छपरावरची वीज तेवढी थेट मीटरमधून बाहेर जात राहिली), इस्त्रीची गोधडी घडी करून कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि मुलगा डेरिक याच्या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटवर ते राहायला गेले. वर्ष सरता सरता डेरिकने एक अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. घर विकायचे होते. वीजजोडणी कायमची तोडण्यासाठी सही हवी होती.

"रिकाम्या घराला मीटर कशाला, पप्पा?"

"शेवटचं रीडिंग घेतो. मग सही."

तो शनिवार होता. आगाशीपर्यंत बस, पुढे पायी, असे करीत ते चारला ओटीवर पोहोचले. ऊन स्वच्छ होते आणि बाण डावीकडे स्थिर होता. त्यांनी पेनाचे टोपण काढले, तोच बाण उजवीकडे वळला. लाल दिवा भराभर लुकलुकू लागला. मग बाण डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. ती नाडी त्यांच्या ओळखीची होती.

कुंपणापलीकडून शेजारच्या एलिसाबाई म्हणाल्या, "काय सॅन्टनभाऊ, पेन्शनीतही मीटर सुटत नाही?"

"आत कोणी आलं होतं का?"

"किल्ली तुमच्या खिशात, आणि विचारता मला."

त्यांनी दार उघडले. मेन पाडलेलाच होता. इस्त्री कपाटात होती, वायर गुंडाळलेली, गार. गोधडी मात्र टेबलावर अंथरलेली होती. त्यांनी तिच्यावर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. गोधडी कोमट होती.

पुढच्या शनिवारी ते डेरिकला घेऊन आले. जुन्या सहकाऱ्याकडून आणलेले तपासणीचे यंत्र जोडून त्यांनी मीटर दोनदा पारखला. चार वाजले, आणि बाण वळला.

"मीटर बिघडलाय," डेरिक म्हणाला.

"मी तपासला. बरोबर आहे."

"मग हे काय आहे, पप्पा?"

सॅन्टननी पेनाला टोपण लावले. मग त्यांनी अर्जाची घडी घालून ती खिशात ठेवली. "तिचं काम चालू आहे तोवर मी वीज तोडणार नाही."

जानेवारीत ते अर्नाळ्याला मालनबाईंची माफी मागायला गेले. बाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. घराला कुलूप होते. दाराबाहेरच्या मीटरचा दिवा संथपणे, एकसारखा लुकलुकत होता. पंख्याची गती. सॅन्टन पायरीशी उभे राहिले, पण आत कोणाशी बोलायचे हे न कळून परतले.

त्यांच्या दफनानंतर डेरिक ओळीने सहा शनिवार वटारच्या ओटीवर चार वाजता बसला. बाण एकदाही वळला नाही. सातव्या आठवड्यात त्याने वारस म्हणून अर्जावर सही केली. जोडणी तुटली, घर विकले गेले. अर्नाळ्याची माफी तेवढी मागायची राहिली. वडिलांनी ती शेवटच्या आजारात डेरिकवर सोपवली होती. तो अजून तिकडे गेलेला नाही.