कोमट असेल तरी नाही

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी मनमाडला घरी चहा गाळत होतो. "काका, आई सुटली," एवढंच ती म्हणाली. मी खुर्चीत बसलो आणि... खरं सांगतो, आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं, नाशिकच्या गाडीत बसल्यावर. शैलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा आधीच गेला, आणि त्याच्यामागे वहिनींच्या पोटातल्या दुखण्यानं त्यांना महिनोन्महिने पिळून काढलं. घरी भेटायला आलेले सगळे तेच म्हणत होते, सुटली बिचारी. एरवी मला हा शब्द ऐकवत नाही. माणूस म्हणजे काय दाव्याला बांधलेलं जनावर आहे? पण आमच्या घरात या शब्दाला एक वेगळा अर्थ होता. तो सांगावा म्हणून आज, काही आठवडे गेल्यावर, लिहायला बसलोय.

वहिनी शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला निघतात, यांनी घरामागच्या खोलीत विजेची भट्टी बसवली आणि स्टोनवेअरचे, म्हणजे दगडासारख्या कडक भाजलेल्या मातीचे, मग करायला घेतले. "उद्या भाजणी आहे," असं त्यांनी एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं, तर काकू दुसऱ्या दिवशी थालिपिठाच्या आशेनं डबा घेऊन हजर. बिचाऱ्या मग घेऊन परत गेल्या. मी मालगाडीचा गार्ड. उभा जन्म सिग्नलची वाट बघण्यात गेला, तरी धीर म्हणून अंगात नाही. रविवारी नाशिकला जाऊन मी भट्टी लावायला मदत करायचो आणि ती निवायच्या आत उघडायची घाई करायचो. वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं. "हात लावून बघा भाऊजी. कोमट असेल तरी नाही."

त्यांचं माहेर वणीकडचं, द्राक्षबागांचं. काळ्या द्राक्षावर जो धुरकट थर असतो, बोट लावलं की पुसला जातो, तो रंग त्यांना मगावर हवा होता. त्यासाठी ग्लेझचे, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचे, दोन थर द्यायचे. आधी लोखंडी तपकिरीत मग बुडवायचा, त्याची ओली चमक गेली की वरचा अर्धा भाग पांढऱ्यात. भट्टीत पांढरा वितळून तपकिरीत उतरतो आणि तिथे तो निळसर धूर दिसतो. थर पातळ पडला तर रंग येत नाही. जाड पडला तर ओघळ तळापर्यंत जातो आणि मग भट्टीतल्या फळीला असा चिकटतो की छिन्नीच लागते. तळ गेलेल्या मगांत वहिनी ओवा लावायच्या, आणि गच्चीवर ओव्याचं रान माजलं होतं. एखादा मग फळीवरून अलगद निघाला की त्या म्हणायच्या, "सुटला." त्याला उलटा करून तळावरून अंगठा फिरवायच्या, रंग नंतर बघायच्या. आणि गंमत अशी, की जो सुटायचा त्यावर रंग नसायचा, आणि ज्याच्यावर रंग उतरायचा तो नेमका चिकटायचा.

शेवटच्या खेपेला त्यांच्या हातात चिमटासुद्धा राहत नव्हता. त्या खुर्चीत उशा लावून बसल्या आणि बुडवायचं काम माझ्याकडे आलं. ग्लेझ धरू नये म्हणून तळाला मेण लावून झालं, वर बोटभर जागा कोरडी राखली. तीनपर्यंत मोजायचं आणि बाहेर काढायचं, इतकंच. मी एक-दोन-तीन म्हटलं तर म्हणाल्या, "हे मेल गाडीचं मोजणं झालं. मालगाडीचं मोजा." दुखत होतं त्यांना, तरी स्वतःच्याच विनोदावर हसल्या. हे मग एकदा बघितले की झालं, असंही म्हणाल्या. काय झालं ते मी विचारलं नाही.

भाजणी उरकून भट्टी बंद केली आणि त्याच संध्याकाळी वहिनी ढासळल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. आता काही सांगता येत नाही, असं त्यांनी मुग्धाला बाजूला घेऊन सांगितलं. भट्टी तर अजून नुसती धगधगत होती. मला राहवेना. त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, वहिनी, झाकण जरा किलकिलं करतो, लवकर निवेल. गरम मगांना गार हवा लागली तर काय होतं ते मलाही माहीत होतं. पण तडकलेला का होईना, त्यांनी बघावा... त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"कोमट असेल तरी नाही," त्या म्हणाल्या. "मी थांबते भाऊजी. तुम्ही पण थांबा."

मला रागच आला. मरणाच्या दारात माणूस मगांसाठी वेळ मागून घेतं का? तिरीमिरीत बाहेर पडलो, चालत द्वारकेच्या चौकापर्यंत गेलो, ट्रकच्या धुरात उगाच उभा राहिलो आणि परत आलो. तिथून पुढे दर थोड्या वेळानं झाकणाला हात लावून यायचा आणि वहिनींचा श्वास बघायचा, एवढंच काम. शेवटी झाकण माठासारखं गार लागलं. त्या होत्या.

झाकण उघडलं. बरेच मग चिकटलेले होते. मागच्या कोपऱ्यात मात्र एक होता, त्याच्यावर तो धूर पुरता उतरलेला. उचलायला गेलो तर क्षणभर अडल्यासारखा वाटला... आणि तो हातात आला. मी तो वहिनींच्या हातांत दिला, खालून माझे हात धरले. त्यांनी रंगाकडे बघितलंही नाही. तळावरून सावकाश अंगठा फिरवला. "सुटला," म्हणाल्या. त्यानंतर डोळे उघडून रंग बघितला, कितीतरी वेळ. मला म्हणाल्या, "आता बोट लावा खुशाल. पुसणार नाही."

पुढचे थोडे दिवस त्यांनी त्याच मगातून चमच्या-चमच्यानं चहा घेतला. कपाळावरची आठी गेली होती. म्हणून मुग्धाच्या फोनवर मला हायसं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तो मग आता मनमाडला माझ्याकडे आहे. चहा मी अजून कढतच पितो, तेवढा धीर वहिनींनाही मला शिकवता आला नाही. पण ओतायच्या आधी मग उलटा करून तळावरून अंगठा फिरवतो. ओघळाचा एक थेंब अगदी कडेपाशी आलेला हाताला लागतो. शिताएवढं अंतर राहिलं होतं, तिथे तो थांबलाय. वहिनींचंही तसंच. थांबल्या, मग सुटल्या.